शपथेपेक्षा ते ४२ केसपेपर

भाचीने काल पांढऱ्या कोटातला, शपथ घेतानाचा फोटो पाठवला. ऊर भरून आला. घरच्या ग्रुपवर लगेच चर्चा सुरू झाली, शपथ प्राचीन ग्रीक वैद्य हिप्पोक्रेटिसची बरी की आपल्या चरकाची. २०२२ मध्ये वैद्यकीय आयोगाने चरकाची शपथ सुचवली, तेव्हापासून हा वाद आपल्याकडे चालूच आहे. मला तिला वेगळंच काही सांगायचंय.

ग्रीकांची शपथ बहुतेकांना ऐकून माहीत असते. अपोलो आणि अस्क्लेपिअस या देवांची साक्ष, कुणी मागितलं तरी विष देणार नाही, रुग्णाच्या घरातलं बाहेर बोलणार नाही. 'अपाय करू नका' हे प्रसिद्ध वाक्य मात्र त्या शपथेत नाहीच. ते त्याच परंपरेतल्या 'एपिडेमिक्स' या ग्रंथात आहे: उपयोग करा, निदान अपाय तरी करू नका.

माझा जीव अडकलाय तो या ग्रंथात. त्याच्या पहिल्या आणि तिसऱ्या भागात मिळून ४२ रुग्णांच्या नोंदी आहेत आणि त्यातले २५ दगावलेत. निम्म्याहून जास्त! फिलिस्कस नावाचा एक जण, गावाच्या तटाजवळ राहणारा. पहिल्या दिवशी ताप आणि घाम. तिसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ताप उतरल्यासारखा वाटला, संध्याकाळी पुन्हा चढला. जीभ कोरडी, लघवी काळी, रात्रभर बरळणं. सहाव्या दिवशी दुपारी गेला. त्याच्या श्वासाबद्दल लिहिलंय की तो मोठा आणि विरळ होता, जणू श्वास घ्यायचा हे त्याला आठवून आठवून करावं लागत होतं. उशाशी बसून राहिल्याशिवाय अशी ओळ लिहिता येत नाही.

पाचव्या भागात तर ऑटोनोमस नावाच्या माणसाची नोंद आहे. डोक्यात दगड लागला, सोळाव्या दिवशी मेला. वैद्य सरळ लिहितो की कवटीला छिद्र पाडायला हवं होतं, ते माझ्या लक्षात आलं नाही. घाव कवटीच्या हाडांच्या सांध्यांवरच होता, त्यात तो कळला नाही आणि मी फसलो.

हे लिहिणं केवढं अवघड होतं बघा. तेव्हा डॉक्टरकीला परवाना नव्हता, कुणीही वैद्य म्हणवून घ्यायचा. चुकलेल्या वैद्याला शिक्षा एकच, बदनामी. त्यांच्याच एका पुस्तिकेत तसं म्हटलंय. म्हणजे पोट ज्या नावावर चालायचं, तेच नाव या माणसाने पणाला लावलं, का तर पुढच्याने तीच चूक करू नये. पुढे रोममध्ये वैद्यकावर लिहिणाऱ्या सेल्ससने याच कबुलीला मोठ्या मनाचं लक्षण म्हटलं. मला ग्रीक वैद्यकनीतीतलं सगळ्यात मोलाचं हेच वाटतं. शपथ एकदा घेऊन होते, ही नोंद मात्र हरलेल्या प्रत्येक रुग्णामागे करावी लागते.

मी ती केली नाही. निवासी डॉक्टर होतो तेव्हाची गोष्ट. रात्री आलेला एक रुग्ण दगावला. सकाळी केसपेपर पूर्ण करताना सीनियर म्हणाले, "विचारतील तेवढंच लिही." मी तेवढंच लिहिलं. बाहेर बाकावर त्याची बायको बसली होती. "काय झालं होतं हो डॉक्टर?" तिने विचारलं. मी म्हटलं, "अटॅक मोठा होता."

तर भाचे, तो केसपेपर आज पुरा करतो.

पुरुष, वय ५२, शेतकरी. पोटात वरच्या बाजूला दुखतं म्हणून रात्री ११ ला आला. अ‍ॅसिडिटी समजून इंजेक्शन दिलं. ईसीजी पहाटे ४ ला काढला. ११ लाच काढायला हवा होता. माझ्या लक्षात आलं नाही.