मिलिटरी ग्रेड, बॅटरी आणि तो लपलेला स्लॉट: तुमच्या प्रतिक्रियेला जरा सविस्तर उत्तर

नमस्कार,

उत्तर द्यायला चार दिवस लागले. रागामुळे नाही (थोडा आला होता, खोटं कशाला बोलू), तर तुमच्या दोन मुद्द्यांची खात्री करायला मला लॅपटॉप परत उघडावा लागला आणि त्यासाठी हातातलं काम संपायची वाट बघत होतो.

ज्यांनी वरची प्रतिक्रिया वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. माझा तेरा इंची, स्वस्तातल्या बिझनेस लॅपटॉपवरचा लेख वाचून ही प्रतिक्रिया देणाऱ्यांनी तोच लॅपटॉप घेतला. आता त्यांचं म्हणणं असं की स्क्रीन फिकट आहे, बॅटरी साडेतीन तासात मान टाकते, रॅम वाढवता येत नाही, फोनच्या चार्जरवर चार्ज होत नाही, आणि "मिलिटरी ग्रेड" वगैरे लिहिणारा माणूस एकतर कंपनीचे पैसे खातो किंवा त्याने लॅपटॉप आठवडाभरच वापरलाय.

पैसे कोणी दिलेले नाहीत, लॅपटॉप मी स्वतःच्या खिशातून घेतलाय. पण दुसरा टोमणा बसला, कारण तो अर्धा खरा आहे. तो लेख मी तिसऱ्या महिन्यात लिहिला होता आणि तिसऱ्या महिन्यात कुठलाही लॅपटॉप गुणीच असतो. आता दोन वर्षं सात महिने झालेत, रोज आठ-नऊ तास भाषांतराचं काम याच्यावर, त्यामुळे आता जे लिहितोय ते जास्त भरवशाचं धरा.

आधी बॅटरी, कारण तिथे तुम्ही आणि मी दोघंही बरोबर आहोत. बॅटरी ४२ वॅट-अवरची आहे, म्हणजे ४२ वॅट एक तास पुरतील एवढी. माझं काम म्हणजे टायपिंग, दोन-चार टॅब, ब्राइटनेस तीस टक्क्यांच्या आसपास, त्यात मशीन सरासरी साडेपाच वॅट खातं. भागाकार करा, साडेसात तास येतात, आणि त्यालाच मी उत्साहाच्या भरात "दिवसभर चालते" लिहून मोकळा झालो. तुम्ही लिहिलंय की दिवसभर व्हिडिओ कॉल असतात. त्यात कॅमेरा चालू, प्रोसेसर सतत जागा, वायफाय सतत चालू, ब्राइटनेस वर, सहज बारा वॅट जातात, आणि ४२ भागिले १२ म्हणजे बरोब्बर तुमचे साडेतीन तास! बॅटरी खराब नाही, माझा आकडा तुमच्या कामाचा नव्हता, आणि मी काय काम करतो ते लेखात लिहायला हवं होतं, ते लिहिलं नाही ही चूक माझी. तरी एकदा खात्री करून घ्या: कमांड प्रॉम्प्टमध्ये पॉवरसीएफजी, मग एक स्पेस, मग स्लॅश देऊन बॅटरीरिपोर्ट असं इंग्रजीत (powercfg /batteryreport) टाइप करा, एक फाइल तयार होते, त्यात डिझाईन कपॅसिटी आणि फुल चार्ज कपॅसिटी असे दोन आकडे मिलिवॅट-अवरमध्ये दिसतील. माझा दुसरा आकडा आता ३३ हजारांवर आलाय, म्हणजे साधारण ७९ टक्के उरलीय. तुमचा नवा असूनही त्याच्या आसपास दिसला तर मात्र वॉरंटीत भांडा. माझी एवढी उतरली त्यात माझाही हात आहे, पहिलं वर्षभर चार्जर चोवीस तास लावून ठेवायचो, आणि शंभर टक्के भरलेली बॅटरी गरम मशीनमध्ये पडून राहिली की लवकर म्हातारी होते. आता सेटिंगमध्ये ८० टक्क्यांवर थांबवलंय.

आता रॅम, आणि इथे मी तुमचं ऐकणार नाही. तुम्ही म्हणता, "मागचं झाकण उघडून पाहिलं, स्लॉटच नाही." मीही पहिल्यांदा उघडलं तेव्हा हेच म्हणालो होतो. मदरबोर्डच्या मधोमध चंदेरी पत्र्याचं एक चौकोनी झाकण आहे बघा, बिस्किटाच्या पुड्याएवढं, त्याला ना स्क्रू ना खूण, ते बोर्डाचाच भाग वाटतं. पण ते नुसतं दाबून बसवलेलं असतं. कोपऱ्यात नखाने किंवा प्लास्टिकच्या पट्टीने हलकं उचललं की टक् करून निघतं आणि खाली स्लॉट रिकामा बसलेला असतो. ८ जीबी बोर्डावर सोल्डर केलेली आहे, ती जन्मात बदलता येणार नाही हे खरं, पण शेजारी अजून ८ जीबीची काडी बसते. मी बसवली आणि नुसते टॅब जास्त उघडे राहू लागले असं नाही, बाहेरच्या मोठ्या मॉनिटरवर जे अडखळत होतं तेही थांबलं, कारण या मशीनमधलं ग्राफिक्स वेगळी मेमरी घेऊन येत नाही, याच रॅममधून जेवतं, आणि दोन चॅनल, म्हणजे रॅमकडे जायच्या दोन वाटा, झाले की त्याला रुंद रस्ता मिळतो. स्लॉट किती ते बघायला विंडोजच्या टास्क मॅनेजरवर विसंबून राहू नका, सोल्डर केलेल्या रॅमलाही तो स्लॉट म्हणून मोजतो आणि उगीच गोंधळ होतो. फक्त एक, उघडण्याआधी बायोसमधून (लॅपटॉप चालू होताना उघडणाऱ्या मूळ सेटिंगमधून) बॅटरी डिसेबल करा किंवा उघडल्यावर सगळ्यात आधी तिचा कनेक्टर काढा. पत्र्याचं झाकण चालू बोर्डावर पडलं तर पुढचं सांगायला नको.

स्क्रीनबद्दल काहीच बाजू घेत नाही. ४५ टक्के एनटीएससी (किती रंग दाखवते त्याचं माप), २५० निट्स (उजेडाचं माप), म्हणजे लाल रंग विटकरी दिसतो आणि खिडकीकडे पाठ करून बसलात तर स्वतःचाच चेहरा वाचत बसायचं. मी दिवसभर पांढऱ्यावर काळं बघतो म्हणून मला खुपलं नाही, तुम्ही फोटो एडिट करता, तुम्हाला खुपणारच. फोटोसाठी बाहेरचा मॉनिटर लावा, नाहीतर हा लॅपटॉप तुमच्यासाठी नाहीच, आणि परत करायची मुदत असेल तर खुशाल परत करा, मला वाईट वाटणार नाही.

चार्जर: "कुठलाही टाइप-सी चार्जर चालतो" ही माझी ओळ चुकीची होती, काढून टाकलीय. लॅपटॉपला पॉवर डिलिव्हरीवाला (ज्यात चार्जर आणि लॅपटॉप किती व्होल्ट ते आपसात ठरवतात) आणि २० व्होल्ट देणारा चार्जर लागतो. सोबत आलेला ६५ वॅटचा आहे, २० व्होल्ट गुणिले सव्वातीन अँपिअर. फोनचा १८ वॅटचा चार्जर सहसा ९ व्होल्टच्या पुढे जात नाही, मग लॅपटॉप एकतर त्याला ओळखच देत नाही किंवा स्लो चार्जर म्हणून कुरकुरतो. आणि हे तुम्ही विचारलं नाहीत तरी सांगतो, ते पोर्ट जपा. ते थेट मदरबोर्डावर सोल्डर केलेलं आहे. माझा पाय वायरीत अडकला तेव्हापासून ते किंचित हलतं, आणि "पोर्ट गेलं तर पूर्ण बोर्ड बदलावा लागेल" असं सर्व्हिसवाल्याने शांतपणे सांगितलं. एवढं मजबूत म्हणून विकतात आणि रोज दहादा हात लागणारी गोष्ट अशी! तेव्हापासून एल आकाराची वायर वापरतो.

मिलिटरी ग्रेडवर तुम्ही हसलात, बरोबर हसलात. एमआयएल-एसटीडी-८१० हे अमेरिकेच्या संरक्षण खात्याचं टेस्ट कशा घ्यायच्या याचं पुस्तक आहे, त्यातल्या कुठल्या घ्यायच्या ते कंपनी स्वतः निवडते आणि लष्कर कुणाला सर्टिफिकेट देत बसत नाही. मी जाहिरातीतला शब्द जसाच्या तसा उचलला.

मग तरीही मला हा का आवडतो, असं तुम्ही शेवटी विचारलंय, "याच पैशात चकचकीत स्क्रीनवाला मिळाला असता" म्हणून. मिळाला असता. पण मागच्या पावसाळ्यात याच्या फॅनमधून घर्रर्र यायला लागलं तेव्हा मी कंपनीच्या साइटवरून सर्व्हिस मॅन्युअल उतरवलं, नऊ स्क्रू सैल केले (ते झाकणातच अडकून राहतात, टेबलाखाली रांगत शोधावे लागत नाहीत), आणि फॅन व जाळीच्या मधून करड्या धुळीची नमद्यासारखी अख्खी पट्टी चिमट्याने ओढून काढली, सलग, एका तुकड्यात. वीस मिनिटं लागली. याआधीच्या माझ्या चकचकीत लॅपटॉपचं झाकण गोंदाने चिकटवलेलं होतं आणि ते उघडतानाच त्याचा एक कोपरा तुटला. कीबोर्डवरची अक्षरं अजून शाबूत आहेत, बिजागरी अजून घट्ट आहे. याचे पैसे तिथे गेलेत, स्क्रीनमध्ये गेले नाहीत.

तुम्ही रॅमसाठी उघडणारच असाल तर फॅनवरही फुंकर मारून घ्या, पण पातं बोटाने धरून, मोकळं भिरभिरू देऊ नका. आणि बॅटरी रिपोर्टचे ते दोन आकडे इथेच खाली टाका, बघून सांगतो.