रुमीची 'प्रेमपत्रं' म्हणून जे फिरतंय त्याबद्दल

तो फॉरवर्ड परत फिरायला लागलाय. "रुमीने शम्सला आयुष्यभर शेकडो प्रेमपत्रं लिहिली, जगाशी, सत्तेशी, पैशाशी त्याचा काही संबंधच उरला नव्हता", आणि खाली गुलाबाच्या फोटोवर दोन ओळी. रुमी, तेराव्या शतकातला फारसी सूफी कवी, मला जीव की प्राण आहे, म्हणूनच गप्प बसवत नाही.

आधी ते 'आयुष्यभर'. शम्स तबरीझी, रुमीचा गुरू आणि जिवलग, रुमी राहायचा त्या कोन्यात (आजच्या तुर्कस्तानात) आला १२४४ च्या नोव्हेंबरमध्ये, रुमीच्या शिष्यांच्या कटकटीला वैतागून १२४६ मध्ये निघून दमास्कसला गेला, तेव्हा रुमीने त्याला कवितेतून पत्रं पाठवली असं जुने चरित्रकार सांगतात आणि मग रुमीचा थोरला मुलगा सुलतान वलद जाऊन त्याला घेऊन आला. हे सगळं खरं धरू. पण पुढे १२४७-४८ च्या सुमारास शम्स जो गायब झाला तो कायमचाच, रुमी स्वतः दमास्कसला जाऊन शोधून आला तरी सापडला नाही, आणि रुमी गेला १२७३ मध्ये. ज्याचा ठावठिकाणाच नाही त्याला पंचवीस वर्षं पत्रं पाठवणार कुठे? तो सगळा विरह गझलांमध्ये उतरला, 'दिवान-ए-शम्स' या त्याच्या काव्यसंग्रहामध्ये.

आता पत्रं. रुमीची पत्रं खरंच शिल्लक आहेत, 'मक्तूबात' नावाने, साधारण दीडशे, आणि त्यातली बरीचशी सरळसरळ शिफारसपत्रं आहेत! १२४३ मध्ये कोसे दागच्या लढाईत मंगोलांनी कोन्यावर राज्य करणाऱ्या सेल्जुकांना हरवलं, तिथून पुढे राज्यावर खंडणीचा बोजा, दरबारात मुईनुद्दीन परवाना या वजिरासारखे वजनदार लोक. अशांना रुमी लिहितोय, अमुक माणूस कर्जात बुडालाय त्याला मदत करा, तमुक विद्यार्थ्याला काम द्या, याचा कर माफ करा. सत्तेशी संबंध नव्हता म्हणे. चांगला होता, आणि तो त्याने अडल्यानडल्यांसाठी वापरला, मला तर यात रुमी आणखी मोठा दिसतो.

हां, या पत्रांत भेटीची ओढ, आठवण वगैरे भरपूर आहे. पण फारसी पत्राची ती रीतच होती, आधी स्तुती, मग तुमच्या भेटीची आस लागलीय, मग मूळ काम. नेमकी तेवढीच वाक्यं उचलली की एखाद्या अमीराला लिहिलेलं पत्रसुद्धा प्रेमपत्र वाटणारच.

खरी माया बघायची असेल तर सुनेला लिहिलेलं पत्र वाचा. फातिमा खातून, रुमीचा जिवलग सलाहुद्दीन झरकूब सोनार याची मुलगी, सुलतान वलदची बायको. नवराबायकोत बिनसलं तेव्हा सासरा तिला लिहितो की माझ्या मुलाने तुला दुखावलं तर मी त्याच्यावरची माया तोडीन, त्याच्या सलामाला उत्तर देणार नाही, माझ्या जनाजालाही तो नको. तेराव्या शतकात, सुनेची बाजू घेऊन, स्वतःच्या मुलाबद्दल! हे कुणी फॉरवर्ड का करत नाही?

आणि गुलाबावरच्या त्या ओळी, 'तुझं काम प्रेम शोधणं नाही, प्रेमाविरुद्ध तू आत उभे केलेले अडथळे शोधणं आहे', त्या रुमीच्या नाहीतच, १९७६ मध्ये अमेरिकेत छापलेल्या एका इंग्रजी अध्यात्माच्या पुस्तकातल्या आहेत. इराणी अभ्यासक फुरूझानफर यांनी संपादित केलेल्या दिवानमध्ये प्रत्येक गझलेला नंबर आहे, पुढच्या वेळी कुणी रुमीची म्हणून ओळ पाठवली तर तेवढा नंबर विचारा.