चोरो म्हणजे चोर नव्हे, मावशी

परवा आईने आमच्या बिल्डिंगच्या सायकल पार्किंगमध्ये उभ्या असलेल्या दोन पोरांचा फोटो काढला, बहिणींच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं "हेच ते". पांढरा शर्ट, टाय, डोक्यावर हेल्मेट, छातीवर काळी पाटी, वय फार तर एकोणीस-वीस. मला हे कळलं ते मिरजेहून मावशीचा फोन आला तेव्हा, की दार उघडू नकोस हां, पोलिसांना कळव. तोंडी सांगून दोघींना पटत नाहीये म्हणून आता लिहूनच काढते.

आम्ही टोकियोत निशी-कासाईला राहतो, आई तीन महिन्यांसाठी आलीय. मावशीने तिला पाठवलेला फॉरवर्ड थोडक्यात असा: "परदेशातल्या आपल्या मुलांना सावध करा. मॉर्मन पंथाची ही गोरी पोरं सीआयएची माणसं आहेत. कायम दोघंच फिरतात, घराघराच्या नोंदी ठेवतात, दर सोमवारी व्हिडिओवर रिपोर्ट देतात, आत बोलावलं तर येत नाहीत, आतल्या कपड्यांत ट्रान्समीटर असतो. गलेलठ्ठ पगार, माणशी कमिशन, दोन वर्षं फुकट परदेश आणि घरी चार-चार बायका. पुढचा नंबर भारताचा." शेवटी अर्थातच हात जोडलेले आणि जास्तीत जास्त शेअर करा. (मॉर्मन हा अमेरिकेतला एक ख्रिस्ती पंथ, आणि ही पोरं त्याचे मिशनरी, म्हणजे धर्मप्रचारक.)

गंमत म्हणजे याच दोघांनी दहा दिवसांपूर्वी आईची दहा किलो तांदळाची गोणी दुकानापासून चौथ्या मजल्यावर आणून दिली होती, लिफ्ट बंद होती त्या दिवशी. तेव्हा "किती गुणी लेकरं" म्हणाली होती!

आधी हेरगिरीचं बघू, कारण सगळा फॉरवर्ड त्यावरच उभा आहे. दोघंच का फिरतात? कारण तसा नियमच आहे. त्यांच्या चर्चच्या वेबसाइटवर मिशनऱ्यांच्या नियमांचं पुस्तक उघडं पडलंय, कुणीही वाचावं. त्यात लिहिलंय की जोडीदार कायम नजरेच्या आणि हाकेच्या टप्प्यात पाहिजे, बाथरूम वगैरे सोडून एकटं राहायचं नाही. तो जोडीदारही आपण निवडायचा नाही, वरून ठरतो, घोरणारा मिळाला तर घोरणारा. येशूने शिष्यांना दोघं-दोघं पाठवलं होतं त्यावरून ही पद्धत, आणि अर्थात एकमेकांवर नजर राहावी हाही हेतू असणारच. एसटीला ड्रायव्हर-कंडक्टर दोघं असतात म्हणून ती काय हेरखात्याची गाडी होते का?

आत का आले नाहीत? मावशी, घरात आई एकटी होती. त्याच पुस्तकात आहे की समोर एकटी बाई असेल आणि सोबत दुसरा मोठा पुरुष नसेल तर पोरांनी तिच्या घरी बसायचं नाही. म्हणून गोणी उंबऱ्याच्या आत सरकवली, बाहेरच उभं राहून पाणी प्यायले आणि गेले. आई चहा टाकायला निघाली तर नको म्हणाले, तेही तिला संशयास्पद वाटलं. त्यांना चहा-कॉफी, दारू, सिगरेट सगळंच वर्ज्य आहे, हा नियम १८३३ चा. जपानमध्ये राहून ग्रीन टीसुद्धा चालत नाही, सातूचं मुगिचा नावाचं पेय तेवढं चालतं. पुढच्या वेळी कोकम सरबत दे.

सोमवारचा व्हिडिओ रिपोर्ट हे वाचून तर मी कपाळावर हात मारला. अगं तो घरी फोन असतो! आठवड्यातला एक दिवस, बहुतेक ठिकाणी सोमवार, त्यांना कपडे धुवायला, किराणा आणायला, केस कापायला मिळतो, आणि त्याच दिवशी घरच्यांशी बोलायचं. हेही अलीकडचं, फेब्रुवारी २०१९ पासूनचं. त्याआधी फक्त ईमेल, आणि फोन वर्षातून दोनदा, नाताळला आणि मदर्स डेला. दोन वर्षांत चार वेळा लेकराचा आवाज ऐकायचा. आई मला दिवसातून चार वेळा फोन करते. हां, आठवड्याला एक पत्र त्यांना त्यांच्या मिशन प्रेसिडेंटलाही, म्हणजे इथल्या त्यांच्या प्रमुखालाही, लिहावं लागतं, त्यालाच कुणाला रिपोर्ट म्हणायचं असेल तर म्हणा बापडे.

आणि नोंदींचं अर्धं खरं आहे. कुठल्या दारावर गेलो, कोण बोललं, परत कधी जायचं याची नोंद ते ठेवतात, पूर्वी वहीत, आता फोनवरच्या ॲपमध्ये, म्हणजे हे पोर बदलून गेलं की पुढच्याला माहिती मिळते. मलाही ते आवडत नाही, माझं नाव माझ्या परवानगीशिवाय कुणाच्या ॲपमध्ये कशाला? पण मग सरळ सांगा की पुन्हा येऊ नका. एलआयसीवाल्याला सांगतोच की आपण.

सीआयएचंही एक कबूल करते, नाइलाजाने. मिशनवरून परतलेली पोरं परकी भाषा शिकलेली, परदेशात राहिलेली, दारूला न शिवणारी असतात म्हणून सीआयए-एफबीआय नोकरीसाठी त्यांच्यावर डोळा ठेवून असतात हे अमेरिकेत जगजाहीर आहे. आणि सीआयएने पूर्वी धर्मप्रचारकांचा वापर केला होता हेही अमेरिकन सिनेटच्या चर्च समितीने १९७६ मध्ये नोंदवलंय (चर्च हे समितीच्या अध्यक्षाचं आडनाव, प्रार्थनास्थळ नव्हे, नाहीतर त्याचाही फॉरवर्ड व्हायचा). त्याच वर्षी सीआयएने जाहीर केलं की मिशनऱ्यांशी छुपे पैशाचे संबंध ठेवणार नाही. त्यांच्या शब्दावर किती विसंबायचं ते तुम्ही ठरवा, पण त्यावरून आमच्या पार्किंगमध्ये पंक्चर काढणारा पोरगा हेर ठरत नाही.

हे मी एवढं ताणतेय कारण असल्या संशयाने माणसं मेलीत. २४ मे १९८९, बोलिव्हियातलं ला पाझ. विशीतले दोन अमेरिकन मिशनरी रात्री राहत्या जागी परतले आणि तिथेच त्यांना गोळ्या घातल्या. झाराते विल्का नावाच्या सशस्त्र गटाचं काम, त्यांच्या लेखी ही पोरं अमेरिकी साम्राज्यवादाची हस्तक होती. कुणीतरी आधी "हेच ते" म्हणालंच असेल ना? निशी-कासाई म्हणजे ला पाझ नव्हे हे मलाही कळतं, पण पोरांचे चेहरे स्पष्ट दिसतायत त्या फोटोत.

पगार आणि कमिशन. पगार नाही, उलट पैसे भरावे लागतात! अमेरिकन पोरांना २०२० पासून महिन्याला ५०० डॉलर, स्वतःच्या बचतीतून नाहीतर घरच्यांकडून, जपानला जा नाहीतर पेरूला, रक्कम तीच. दोन वर्षांचे १२ हजार डॉलर. इथे चीड यायचीच तर वेगळ्या गोष्टीची येते: हे चर्च अफाट श्रीमंत आहे, शेअर बाजारातली गुंतवणूक वेगवेगळ्या कंपन्यांच्या नावाआड लपवली म्हणून २०२३ मध्ये अमेरिकेच्या शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या एसईसीने त्यांना आणि त्यांच्या गुंतवणूक कंपनीला मिळून ५० लाख डॉलर दंड केला, आणि तरी पोरांकडून महिन्याचे पैसे घेतात. याचा फॉरवर्ड करा ना, मी पण पुढे पाठवीन.

कमिशन असतं तर ही पोरं उपाशी मेली असती. चर्चनेच दिलेला २०२४ चा आकडा बघा: जगभरात ७४ हजारांवर मिशनरी आणि नवे सभासद ३ लाख ८ हजार. म्हणजे माणशी वर्षाला चार, रोज दिवसभर दारं वाजवून! जपानमध्ये तर यांचा इतिहासच दारुण आहे, १९०१ मध्ये पहिली तुकडी योकोहामाला उतरली आणि १९२४ मध्ये काही जमेना म्हणून मिशन बंद करून घरी गेले, एवढ्या वर्षांत दोनशेसुद्धा माणसं मिळाली नाहीत. महायुद्धानंतर परत आले.

फुकट परदेशवारी म्हणे. कुठे जायचं ते चर्च ठरवतं, साडेसहाला उठायचं, साडेदहाला झोपायचं, आपला भाग सोडून परवानगीशिवाय जायचं नाही, प्रेमबिम नाही. टोकियोत राहून डिस्नीलँड एवढं जवळ आणि बघायचं नाही. त्या उंच पोराची पँट सायकलच्या सीटने घासून मागून आरशासारखी चकाकतेय, आतून दुसऱ्या रंगाचं ठिगळ दिसतं, एकदा जिना चढताना मी मागे होते म्हणून कळलं.

बाकीचं पटकन. चार बायका: ती प्रथा सोडल्याचं चर्चने १८९० मध्येच जाहीर केलं, आज कुणी केलं तर चर्चमधून काढून टाकतात. कपड्यातला ट्रान्समीटर: दीक्षा घेतलेले लोक आतून पांढरे धार्मिक कपडे घालतात, बस. ज्यांच्या घरात जानवं आहे त्यांनी तरी यावर हसू नये. पुढचा नंबर भारताचा: उशीर झाला मावशी, ह्यू फिंडले नावाचा त्यांचा मिशनरी १८५२ मध्येच मुंबईला उतरला आणि तिथून पुण्याला गेला. चार-पाच वर्षांत गाशा गुंडाळून गेले. पुणेकरांपुढे कुणाचं काय चालणार.

फुकट इंग्रजी क्लासबद्दल फॉरवर्डमध्ये काही नाही, पण असतं तर मीच मान डोलावली असती. इथे ते इंग्रजी शिकवतात आणि हेतू फक्त इंग्रजी नसतो. मी लेकीला पाठवत नाही, तोंडावर सांगितलंय त्यांना तसं.

आणि "चोरो". तो पोरगा स्वतःचं नाव सांगताना शेवटी चोरो म्हणाला ते आईच्या डोक्यात पक्कं बसलं. चोरो म्हणजे जपानीत वडीलधारा, इंग्रजीत यांना एल्डर म्हणतात त्याचं भाषांतर. मिसरूड न फुटलेल्याला वडीलधारा म्हणणं हसण्यासारखं आहे, चला मान्य.

आईने काल फोटो उडवला, जरा गाल फुगवून. पण मावशीने तो तोवर गल्लीच्या आणि भिशीच्या ग्रुपवर टाकला होता. गल्लीच्या ग्रुपवरचा तिने काढला म्हणे. भिशीवाल्या काकू, वाचत असाल तर तुमच्याकडचाही काढा, आणि कुणाला पुढे पाठवला असेल त्यांनाही सांगा.