अजून किती वर्षं गोपनीय?

१९६२च्या चीन युद्धातल्या पराभवाची चौकशी करणारा हेंडरसन ब्रूक्स अहवाल १९६३ मध्ये तयार झाला. आजही गोपनीयच! लपवताय कुणापासून? चीनपासून? त्याचा मोठा भाग पत्रकार नेव्हिल मॅक्सवेल यांनी २०१४ मध्ये इंटरनेटवर टाकला, साऱ्या जगानं वाचला. विरोधात असताना अहवाल मागायचा आणि खुर्ची मिळाली की ‘राष्ट्रहित’ पुढे करायचं. प्रत्येक वेळी हेच!

आयबी, रॉ या गुप्तचर संस्थांकडे माहिती मागा, तर त्यांना सूट देणारं माहिती अधिकाराचं कलम २४ तोंडावर. नेताजींच्या कुटुंबावर आयबीनं वीस वर्षं पाळत ठेवली, हे लोकांना २०१५ मध्ये कळलं. कितीतरी माणसं तोवर गेलीसुद्धा. १९६२ मध्ये अरुणाचलातल्या नामका चू नदीवर धारातीर्थी पडलेल्यांच्या घरच्यांनी आता कुणाच्या परवानगीची वाट बघायची?