प्रमाणपत्र आयएसओ देत नाही
लेखात 'आयएसओकडून प्रमाणपत्र मिळवा' असं लिहिलंय, ते कृपया दुरुस्त करा. जिनिव्हाची आयएसओ, म्हणजे आंतरराष्ट्रीय मानक संघटना, फक्त मानकं तयार करते. प्रमाणपत्र देतात स्वतंत्र प्रमाणन संस्था. आणि त्या संस्थेला एनएबीसीबीसारख्या (प्रमाणन संस्थांना मान्यता देणाऱ्या भारतातल्या) मंडळाची मान्यता आहे का, हे आधी बघायचं असतं.

नाशिकच्या अंबडला आमचं छोटं मशीनिंगचं वर्कशॉप आहे. पहिल्यांदा एका सल्लागाराने चार दिवसांत आयएसओ ९००१, म्हणजे गुणवत्ता व्यवस्थापनाच्या मानकाचं प्रमाणपत्र, आणून दिलं. ना ऑडिट, ना कुणी शॉपवर फिरकलं. मोठ्या ग्राहकाच्या तपासणीत तो कागद बाद झाला, ऑर्डरही गेली. माझ्या कामगारांची मेहनत त्यात वाया गेली, याचं अजून वाईट वाटतं.

मग रीतसर केलं. अंतर्गत ऑडिट, व्यवस्थापन आढावा, नंतर बाहेरचं ऑडिट दोन टप्प्यांत: आधी कागदपत्रं आणि तयारी, मग प्रत्यक्ष काम. गेजचं (मापं तपासायच्या उपकरणाचं) कॅलिब्रेशन, म्हणजे अचूकतेची जुळणी, चुकलेलं निघालं, ते सुधारल्यावरच प्रमाणपत्र मिळालं. मुदत ३ वर्षं, मधे दरवर्षी देखरेख ऑडिट. त्या गेजमुळे रिजेक्शन का येत होतं ते आम्हाला तेव्हा कळलं. सातपूर-अंबडच्या नव्या उद्योजकांनो, सही करण्याआधी प्रमाणन संस्थेच्या मान्यतेचा क्रमांक मागा आणि तो स्वतः तपासा.