आठ टक्के वाढ नेमकी कशावर?

नमस्कार. माझ्या लेखावरच्या तुमच्या प्रतिक्रियेतला आक्षेप थोडक्यात असा: अकाउंट्सवाल्यांचे पगार महागाईपुढे सरकत नाहीत, हे म्हणणं उगाच निराशा पसरवणारं आहे. तुमच्याकडे दरवर्षी ८ टक्के वाढ होते आणि नव्या सीएंना तर कॅम्पसमधूनच १२ लाखांचं पॅकेज मिळतं.

कॅम्पसचं लवकर आटपतं. ते १२ लाख म्हणजे कॅम्पसमधून नोकरी लागलेल्या सीएंची सरासरी. लेख होता बीकॉमनंतर टॅली, जीएसटी, टीडीएस सांभाळणाऱ्यांवर. दोघांना एका तागडीत घालण्यात अर्थ नाही.

८ टक्क्यांत मात्र तथ्य आहे. ग्राहक किंमत निर्देशांकानुसार सरासरी महागाई २०२२-२३ मध्ये ६.७, २०२३-२४ मध्ये ५.४ आणि २०२४-२५ मध्ये ४.६ टक्के होती. चक्रवाढीने तीन वर्षांत १७.६ टक्के. म्हणजे २०२१-२२ मध्ये २५,००० घेणाऱ्याला जैसे थे राहायलासुद्धा २९,४०० लागतात. ८ टक्केवाला ३१,४९३ वर पोचतो, ५ टक्केवाला २८,९४१ वर अडकतो. तुम्ही पुढे आहात, मान्य. पण लहान पेढ्यांत ते ५ टक्केही मागून मागून घ्यावे लागतात.

खरी गोम पुढे आहे. वाढ सीटीसीवर (मालकाला तुमच्यावर येणारा एकूण खर्च) सांगतात, घर चालतं हातात आलेल्या रकमेवर. वेतनाचा नवा केंद्रीय कायदा, म्हणजे वेतन संहिता, २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. भत्ते वगैरे एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले, तर वरचा भाग वेतनातच धरायचा. पीएफ आणि ग्रॅच्युइटी वेतनावर मोजतात, त्यामुळे बेसिक (मूळ पगार) ३५ टक्क्यांवर ठेवून भत्ते फुगवण्यात आता मालकाचा फायदा राहिलेला नाही.

महिना ५०,००० सीटीसी धरा, त्यात ५,००० व्हेरिएबल (कामगिरीनुसार मिळणारा, दरमहा हातात न येणारा भाग). बेसिक १७,५००. मालकाचा पीएफ २,१०० (बेसिकच्या १२ टक्के) आणि नोकरी सोडताना मिळणाऱ्या ग्रॅच्युइटीचे ८४२ (बेसिकच्या ४.८१ टक्के) सीटीसीतूनच जातात. मग तुमचा पीएफ २,१०० आणि व्यवसाय कर २००. हातात ३९,७५८. आता ५ टक्के वाढ देऊन सीटीसी ५२,५०० केली, व्हेरिएबल ५,२५० झालं आणि बेसिक निम्म्यावर, म्हणजे २६,२५० वर नेलं. दोन्ही बाजूंचा पीएफ ३,१५०-३,१५०, ग्रॅच्युइटी १,२६३. हातात ३९,४८७. पगारवाढ होऊन २७१ रुपये कमी!

हे पैसे बुडाले नाहीत, हेही सांगायला हवं. पीएफ खात्यात महिन्याला २,१०० जास्त पडतात, ते तुमचेच. ग्रॅच्युइटी मात्र कायम नोकरीत साधारण ५ वर्षं टिकल्यावरच मिळते. पीएफ १५,००० वेतनाच्या मर्यादेवर, म्हणजे १,८०० रुपयेच कापत असतील, तर एवढा फटका बसत नाही.

नोकरी बदलताना तर ‘३० टक्के हाइक’ ऐकून लोक हुरळतात. ऑफर लेटरचं परिशिष्ट मागून घ्या. फिक्स्ड ग्रॉस (व्हेरिएबल सोडून, कपातीआधीचा पगार) किती, पीएफ पूर्ण बेसिकवर की मर्यादेवर, ग्रॅच्युइटी सीटीसीच्या आत की बाहेर, हे त्यात दिसतं. गेल्या वर्षी व्हेरिएबल प्रत्यक्षात किती टक्के दिलं, ते मात्र तोंडी विचारावं लागतं, आणि एचआर नेमकं तिथेच गुळमुळीत बोलतात.

तुमची ८ टक्के वाढ हातात किती उतरली ते पाहायचं असेल, तर वाढीच्या आधीची आणि नंतरची स्लिप शेजारी ठेवा. फेब्रुवारीची घेऊ नका, त्या महिन्यात महाराष्ट्रात व्यवसाय कर २०० ऐवजी ३०० कापतात.