१४८ बाय ९६

ऑफिसच्या वार्षिक तपासणीत पोटाची सोनोग्राफी होती. त्यामुळे सकाळपासून बाटल्यांवर बाटल्या पाणी पिऊन, लघवी दाबून, मी बाकावर पाय आवळून बसलो होतो. लिफ्ट बंद, म्हणून तीन जिने चढून आलेलो. त्यात मी सोसायटीचा खजिनदार. खिशातला फोन दर मिनिटाला थरथरत होता: टाकीत पाणी नाही, टँकरवाला उचलत नाही. थोडक्यात, त्या सकाळी आमच्या सोसायटीचं सगळं पाणी माझ्या पोटात होतं. नेमक्या या मुहूर्तावर सिस्टरनी दंडाला पट्टा गुंडाळला. १४८ बाय ९६.

“टेन्शन घेता का?” डॉक्टरांनी विचारलं. सूर अगदी ‘तंबाखू खाता का?’चा.

‘ताण’ हा चांगला घरचा शब्द आपण वर्तमानपत्रांच्या आरोग्य पुरवणीला देऊन टाकला आणि रोजच्या वापराला टेन्शन ठेवलं. तेही ‘घ्यायचं’. म्हणजे दोष घेणाऱ्याचा. देणाऱ्याच्या दंडाला कोणी पट्टा बांधत नाही.

डॉक्टरांनी गोळी मात्र लिहिली नाही. एका आकड्यावर काही ठरत नाही म्हणाले. कितीतरी लोकांचा बीपी पांढरा कोट बघूनच चढतो, आणि भरलेल्या लघवीनंही वाढतो. घरी मशीन आणा, आठवडाभर सकाळ-संध्याकाळ मोजा, सरासरी १३५ बाय ८५ च्या आत राहते का बघू. मोजण्याआधी अर्धा तास चहा नाही. पाठ टेकून, पाय जमिनीला लावून पाच मिनिटं शांत बसायचं. आणि बोलायचं नाही.

आमच्या दोन खोल्यांत पाच मिनिटं शांतता! पहिल्या दिवशी मशीन घुर्र करायला लागताच आई समोर पाटावर येऊन बसली, सत्यनारायणाला बसावं तशी. “बोलू नकोस हं अजिबात,” ती म्हणाली. आणि मग, “दुधाचे पैसे दिलेस का?” मी मान हलवली. “हो की नाही?” पट्टा दंडाला करकचून आवळत होता, चिरंजीव कानाशी आकडे मोठ्याने वाचत होते, “एकशे साठ, एकशे सत्तर...” (ती नुसती हवा भरत असते, हे त्याला नंतर समजावलं.) बायकोनं दुधाच्या वहीच्या मागच्या पानावर नोंद केली. १५२. शेजारी, दूध दोन लिटर.

त्या रात्री झोप येईना म्हणून ताणाविषयी वाचत बसलो. ते करू नये. हान्स सेली नावाच्या शास्त्रज्ञाने १९३६ साली उंदरांना नाना प्रकारे छळलं, तर छळ कुठलाही असो, परिणाम तेच: मूत्रपिंडावरच्या ग्रंथी सुजलेल्या, पोटात व्रण. त्याच ग्रंथी आपल्याकडेही आहेत. संकट दिसलं की त्या अॅड्रिनलिन सोडतात, मागोमाग कॉर्टिसोल. हृदय धडधडतं, रक्तात साखर ओतली जाते, पचन थांबतं, रक्त हातापायांच्या स्नायूंकडे धावतं. एवढी लढाईची जय्यत तयारी होते आणि प्रत्यक्षात मला करायचं काय असतं, तर साहेबांच्या मेसेजखाली ‘नोटेड सर’ टाइप करायचं. ओतलेल्या त्या साखरेचं काय करायचं, हे ग्रंथींना कोणी विचारत नाही.

मग उपाय आले. समोरच्या काकांनी उपाशीपोटी लसूण सांगितली. लोकलमध्ये माझ्याभोवती प्रथमच जागा झाली. भाचीने फोनमध्ये श्वास शिकवणारं अॅप घालून दिलं. हळू श्वास, त्याहून हळू उच्छ्वास, त्याने हृदयाचे ठोके खरंच मंदावतात. पण कल्याण फास्टमध्ये छातीवर दुसऱ्याची सॅक असताना श्वास आत जातो, बाहेर यायला डोंबिवलीपर्यंत थांबावं लागतं. अॅप मात्र दर तासाला टुंग करून दरडावायचं, “तुम्ही आज शांत झाला नाहीत.”

पाचव्या संध्याकाळी आईनं माझ्यापुढे मेथीच्या दोन जुड्या आणि परात ठेवली. “नुसता बसलायस तर एवढी निवड.” फोन आत चार्जिंगला होता. मी एकेक काडी उचलत गेलो. पिवळं पान बाजूला, जाड देठ बाजूला, कोवळा शेंडा परातीत. मुळांची ओली माती नखांत गेली, बोटांना तो कडसर वास लागला. टाकी, टँकर, थकबाकीदार, कोणी आठवलं नाही. अर्ध्या तासाने हात धुऊन, खुर्चीत पाच मिनिटं बसून मोजलं. १२६ बाय ८२.

मशीन बिघडलं असं सर्वानुमते ठरलं. पुन्हा मोजलं. १२४. बायकोनं आकड्यापुढे लिहिलं, ‘मेथी’.

आठवड्यानंतर डॉक्टरांनी वही पाहिली. मीठ कमी, रोज अर्धा तास चालणं, महिन्याने या. मग त्या शब्दावर बोट ठेवून विचारलं, “मेथी खाता रोज?”

“नाही,” बायको म्हणाली, “निवडतात.”

तेव्हापासून आमच्या घरी माझ्या तब्येतीची फार काळजी घेतली जाते. सोमवारी मटार, मंगळवारी कोथिंबीर, आणि चतुर्थीला बिरडं सोलायला मला खास सुट्टी काढायला लावली. ही बातमी जिन्यातून वर गेली असावी. काल तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी पिशवी घेऊन दारात उभ्या. गवार होती, किलोभर.

“तुमच्या बीपीसाठी,” त्या म्हणाल्या. “सात वाजता नेते.”